आधी राखेची रेघ, मग पाया



गेल्या दोन-तीन मासिक सभांत एकच विषय निघतोय. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, कुणाला जुनं माळवद पाडून चार खोल्या काढायच्यात, कुणी गटाकडं कर्ज मागतंय ते घरासाठी. म्हणून या अंकातला पाठ घर बांधण्याआधीच्या तयारीचा घेतला आहे. वीट कशी रचायची ते मिस्त्रीला कळतं, त्यात मी पडत नाही. कुदळ मारायच्या आधी आपण काय ठरवून घ्यायचं, एवढंच बघू. हे मला कुणी प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. चार वर्षं अर्धवट भिंतींशेजारी चूल मांडली, तेव्हा कळलं.

आधी माझंच सांगते.

२०१७ ची दिवाळी झाली आणि आमच्याकडं घराचा विषय निघाला. हातात साडेतीन लाख होते. त्यात बैलजोडी विकलेले पैसे, थोडी शिल्लक आणि माझ्या गटाचं पन्नास हजार कर्ज. ओसरीवर बाज टाकून आमचे हे, चुलत दीर आणि मिस्त्री बसले. मी चहा नेऊन दिला. चहा संपेपर्यंत घर ठरलं होतं. तीस बाय तीस, चार खोल्या, मधे हॉल, पुढं पोर्च. "घर काय पुन्हा पुन्हा होतंय का, एकदाच मोठं काढू," असं दीर म्हणाले. सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं.

आमची जमीन काळी. मिस्त्रीनं पाच फूट खोल धरले होते, मुरूम लागला सात फुटांवर. खड्डे वाढले, खडी वाढली, सिमेंट वाढलं. निम्म्याच्या आसपास पैसा जमिनीखाली गेला. भिंती लिंटलपर्यंत आल्या आणि पिशवी रिकामी झाली. मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून गेला. पुढं चार पावसाळे त्या भिंती भिजल्या, वर आलेले गज गंजून लाल झाले. मी शेजारी पत्रे टाकून स्वयंपाक करायची. त्या पत्र्याखाली मुलीनं दहावीचा अभ्यास केला, उन्हाळ्यात तिथं बसवत नव्हतं.

त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. मी गटाची सचिव. दर महिन्याला थकबाकीदारांची नावं मी वाचायची. एका महिन्यात यादीत माझंच नाव आलं आणि ते मलाच वाचावं लागलं. सगळ्या बायका खाली बघत होत्या. कुणी काही बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

२०२१ मधे दोनच खोल्यांवर स्लॅब टाकला. बाकीच्या भिंतींत आज कडबा आहे. दहा बायकांचा पैशापैशाचा हिशोब लिहिणारी मी, माझ्या घराचा हिशोब विचारायला उठले नाही. चूक मिस्त्रीची नाही.

पहिला प्रश्न खोल्यांचा नाही

आपण सुरुवात करतो "किती खोल्या?" इथून. ती करायची "किती पैसा आहे, आणि तेवढ्यात छतासकट काय पुरं होतं?" इथून. दोन खोल्या, वर स्लॅब, दार-खिडकी, मोरी आणि संडास एवढं पुरं होत असेल, तर पायाही तेवढ्याचाच खणायचा. पुढं वाढवायचं असेल तर तसं इंजिनिअरला आधीच सांगून ठेवायचं. कुठल्या बाजूला वाढेल, वर मजला येणार का, हे त्याला कळलं की तो कॉलमला तशी सोय ठेवतो. पुढच्या कामासाठी सोडलेले गज उघडे ठेवू नका. त्यांना सिमेंटचं पाणी फासून किंवा हलकं काँक्रीट घालून झाका. आमचे उघडे राहिले, त्याची साक्ष कडब्याच्या मागं उभी आहे.

एकूण पैशाचे दहा भाग केले तर दोन भाग बाजूला ठेवून मगच नकाशा काढायचा. ते दोन भाग घरात डब्यात नकोत, बँकेत ठेवा. पाया खोल गेला, स्टीलचा भाव चढला, घरात आजारपण आलं तर तेवढेच कामाला येतात.

मापाची एक गोष्ट समजून घ्या, इथं पुष्कळ फसगत होते. आतून दहा बाय दहाची खोली हवी आणि भिंत नऊ इंची असेल, तर बाहेरून ती साडेअकरा बाय साडेअकरा होते. म्हणजे राहायला १०० चौरस फूट, पण बांधायचं १३२ चौरस फूट. मिस्त्री बोलतो ते बाहेरचं माप, आपल्या डोक्यात असतं आतलं. विचारून घ्यावं.

जमिनीला विचारा

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. ज्या घराचा पाया त्या मातीवरच टेकलाय, त्याच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. कितीही वेळा सिमेंट भरा, ती पुन्हा उघडते. म्हणून पाया काळी माती ओलांडून कठीण मुरमावर गेला पाहिजे आणि सगळे कॉलम खाली प्लिंथ बीमनं बांधलेले पाहिजेत. जोत्यात भरायलाही खणून निघालेली काळी माती घालू नका. मुरूम भरा, थराथरानं पाणी घालून चोपा.

मुरूम किती खाली आहे हे अंदाजानं ठरवू नका. नकाशा पक्का करण्याआधी जागेच्या एका कोपऱ्यात आणि जमलं तर समोरच्या कोपऱ्यातही खड्डा घेऊन बघा. एक-दोन दिवसांची मजुरी जाईल. आम्ही ती वाचवली आणि तिच्यापायी चार वर्षं घालवली.

जोतं रस्त्यापेक्षा निदान दोन फूट वर घ्या. गल्लीत आज मुरमाचा रस्ता आहे, उद्या त्यावर सिमेंटचा होईल, परवा त्यावर पेव्हर ब्लॉक बसतील. दर वेळी रस्ता वर येतो आणि घर खाली जातं. आमच्या गल्लीत तीन घरांत आता पावसाचं पाणी उंबरा ओलांडून येतं.

आपल्या मराठवाड्यात एक गोष्ट विसरून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद, हेच बहुतेकांच्या अंगावर पडलं. माळवद उन्हाळ्यात थंड असतं हे खरं, माझ्या सासूबाई अजून त्याची आठवण काढतात. पण जुन्या दगडी भिंतींवरच नवा स्लॅब टाकू, पैसे वाचतील, असं कुणी म्हणालं तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मान डोलवू नका. नवी भिंत असेल तर लिंटलच्या पातळीला घरभर सलग काँक्रीटचा पट्टा घ्या. फक्त दारा-खिडकीवर तुकडे टाकून भागवू नका.

राखेनं घर आखा

आता या पाठातला मला सर्वांत आवडणारा भाग.

आमच्याच गटात एक ताई आहेत, एकट्या राहतात, चार शेळ्या आहेत. त्यांचं घरकुल मंजूर झालं तेव्हा मी म्हटलं, माझ्यासारखं करू नका. आम्ही पाच जणी त्यांच्या जागेवर जमलो. सुंभाच्या दोरीला दर फुटावर गाठ मारली, चुलीतली राख चाळून घेतली आणि जमिनीवर घर आखलं. जिथं दार तिथं रेघ तोडली, खिडकीच्या जागी दोन विटा ठेवल्या. मग खरी बाज आणून आत ठेवली, धान्याची कोठी ठेवली, पाण्याचे दोन हंडे ठेवले. ताईंना म्हटलं, आता सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करता ते या रेघांच्या आत करून दाखवा.

हसून हसून पुरेवाट झाली, पण अर्ध्या तासात पाच चुका सापडल्या. दार आत उघडलं की बाजेला अडत होतं. ओट्यापाशी उभं राहिलं तर पाठ दाराकडं आणि तोंड कोऱ्या भिंतीकडं. धूर जायला वाटच नव्हती. कोठी ठेवली तर झोपायला जागा उरेना. कपडे वाळत घालायला ऊन कुठं मिळेल, याचा विचारच झाला नव्हता. आणि पाचवी ताईंनीच सांगितली, "ओट्यापाशी उभी राहिले तर मला शेळ्या दिसल्या पाहिजेत." मिस्त्रीला हे कसं सुचणार? तो थोडाच शेळ्या राखतो.

रेघा पुसल्या, पुन्हा आखल्या. त्या दिवशी खर्च शून्य. भिंत उभी राहिल्यावर खिडकी हलवायला किती लागतात ते मिस्त्रीला विचारून बघा.

आखताना या गोष्टी बघा. ओट्याची उंची प्रत्येकीची वेगळी असते. कोपर वाकवून उभ्या राहा आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली खूण करा. उंच बाईला बुटका ओटा म्हणजे जन्मभर कंबरदुखी. घरात भाकरी बसूनच थापत असतील तर चुलीपाशी तशी जागा आणि वर धुराडं ठेवा. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, त्या बाजूला न्हाणी, संडास, जिना घेतला तर झोपायची खोली जरा थंड राहते. खिडक्या समोरासमोर आल्या तर वारा खेळतो. न्हाणीला छत आणि आतून कडी पाहिजेच, तरण्या मुली असलेल्या घरात हे वेगळं सांगायला नको. संडास रात्री एकटीला, पावसात, म्हाताऱ्या माणसाला जाता येईल असा असावा, पायऱ्या बुटक्या आणि धरायला कठडा. शोषखड्डे विहीर, बोअर, हातपंपापासून निदान चाळीस-पन्नास फूट लांब, आणि एक नव्हे, दोन. एक भरला की दुसरा चालू करता येतो.

वास्तू बघायची असेल तर जरूर बघा, कुणाच्या श्रद्धेला माझी ना नाही. पण स्वयंपाकघराला खिडकी नको असं कुठलंही शास्त्र सांगत नसावं.

किल्लारीनंतर पुष्कळ गावं नव्या जागी, सरळ रस्त्यांच्या चौकोनी आखणीत वसवली गेली. घरं पक्की मिळाली. पण जिथं जनावर, कडबा, सरपण यांना जागा पुरली नाही, तिथं लोकांनी मागून घराला पत्रे आणि पडव्या जोडल्या. आपण तर स्वतःच्या हातानं बांधतोय.

कागद आणि नाव

कामाला लागण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना नंबर ८ चा उतारा काढा. त्यावर जागेचं माप आणि नाव तपासा. हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवा. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मिळतं, तेही घ्या. जागा दिरा-भावांत सामाईक असेल तर संमती तोंडी नको, कागदावर घ्या. आज सगळे गोड बोलतात. शेतजमिनीत घर बांधायचं असेल तर आधी तलाठी आणि ग्रामपंचायतीत विचारा.

आणि घर दोघांच्या नावावर. नमुना ८ वर पतीबरोबर पत्नीचं नाव लावावं असं शासनाचं धोरण २००३ पासून आहे. पण अर्ज आपल्यालाच करावा लागतो, नाव आपोआप चढत नाही. सभेत विचारलं तर सगळ्या हो म्हणतात, उतारा काढला की निम्म्या गप्प होतात. मी स्वतः २०१९ पर्यंत गप्प होते.

घरकुलाबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ ला सुरू झाली. त्यात सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार वेगळे धरलेले. मंजुरी पत्नीच्या किंवा दोघांच्या नावानं होते. राज्याची भर आणि नियम बदलत राहतात, म्हणून चालू आकडा ग्रामपंचायतीतच विचारा. पैसे हप्त्यानं येतात. काम ठरल्या टप्प्याला पोचलं, जागेवरून फोटो चढला की पुढचा हप्ता. हप्ता आला नाही म्हणून काम थांबतं आणि काम थांबलं म्हणून हप्ता येत नाही, या चक्रात पुष्कळ घरं अडकतात. मंजूर रकमेपेक्षा मोठा पाया घेतला की हे हमखास होतं.

मिस्त्रीशी बोलणं

मिस्त्री गावातला, नात्यातला असला तरी बोली कागदावर लिहा. दर चौरस फुटाला ठरतो, पण कुठल्या चौरस फुटाला? घर वीस बाय पंधराचं असेल तर ३०० होतात. स्लॅब चारी बाजूंनी दीड फूट बाहेर काढला आणि मजुरी स्लॅबच्या मापावर धरली, तर तेवीस बाय अठरा, म्हणजे ४१४. एकशेचौदा फुटांचा फरक नुसत्या शब्दात आहे. सेंट्रिंग दरात आहे का, गिलावा आहे का, फरशी कोण बसवणार, जोतं भरून कोण देणार, हेही लिहा. पैसे टप्प्यानं द्या आणि शेवटच्या टप्प्याचे काही गिलावा पुरा होईपर्यंत राखून ठेवा.

माल मोजून घ्या. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली दहा फूट लांब, सहा फूट रुंद असेल आणि वाळू दीड फूट उंच असेल, तर ते ९० घनफूट झाले, ब्रास नाही. ट्रॉली रिकामी करायच्या आधी टेप लावा. गज वजनानं मिळतात. बारा मीटरचा, म्हणजे साधारण चाळीस फुटी गज घेतला तर ८ मिलिमीटरचा सुमारे ४.७ किलो, १० चा ७.४ आणि १२ चा १०.७ किलो भरतो. दोन-चार गज काट्यावर टाकून बघा. दुकानदार आधी हसेल, मग बिल नीट लिहील.

पाणी. सिमेंटच्या कामाला रोज पाणी मारावं लागतं, निदान सात दिवस, दहा-चौदा मारलं तर जास्त बरं. स्लॅबवर तर आळी करून पाणी साठवून ठेवतात. हे पाणी आणतं कोण? बहुतेक घरांत आपणच, डोक्यावरून. एप्रिल-मे मधे टँकरच्या गावात स्लॅब टाकला की पाण्यात काटकसर होते आणि स्लॅब कच्चा राहतो. म्हणून काम दिवाळीनंतर काढा आणि विहिरी आटायच्या आत स्लॅब टाका. त्या काळात तूर-हरभऱ्याचीही कामं असतात, तेव्हा घरात कोण काय करणार ते आधी बोलून घ्या. नाहीतर सगळं एकीच्याच अंगावर येतं.

कर्ज

घरातून रोजचं उत्पन्न येत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला असतो. म्हणून वर्षातला सर्वांत कडकीचा महिना धरा. आमच्याकडं तो जून-जुलै, बी-बियाणं आणि शाळा एकदम. त्या महिन्यात जेवढा हप्ता झेपेल तेवढंच कर्ज घ्यायचं.

व्याज सांगताना नुसतं "एक टक्का" ऐकून हो म्हणू नका. एक लाख रुपये ३६ महिन्यांसाठी, महिना एक टक्का, घटत्या शिलकीवर घेतले तर हप्ता सुमारे ३,३२० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १९,६०० रुपये. तोच एक टक्का मूळ रकमेवर सरसकट लावला तर व्याज ३६,००० आणि हप्ता जवळजवळ ३,७८०. दोन्ही ठिकाणी माणूस "एकच टक्का" म्हणतो. एक हप्ता फेडायला दुसरीकडून उचलायची वेळ आली तर तिथंच थांबा आणि गटात बोला. मी बोलले नाही, तीन ठिकाणचे हप्ते लपवत राहिले. अखेर गटानंच माझे हप्ते लांबवून दिले. हे आधीच विचारलं असतं तर ती यादी मला वाचावी लागली नसती.

पुढच्या सभेसाठी काम

ज्यांच्याकडं वर्षभरात बांधकाम निघणार आहे त्यांनी नमुना ८ चा उतारा, हातातल्या पैशाचा आकडा आणि चालू हप्त्यांची यादी आणावी. बाकीच्यांनी एक टेप, सुंभाची दोरी आणि टोपलीभर चाळलेली राख आणावी. सभा देवळात न घेता थेट त्या ताईंच्या जागेवर घ्यायची. घरातल्या पुरुषांनाही बोलवा, आमचे हे येतो म्हणालेत. आणि हो, एखादी बाज आणायला विसरू नका, तिच्याशिवाय दार कुठं अडतं ते कळत नाही.